येऊन जाईन

मित्राच्या उठावन्याची वेळ साडेपाचची होती. मी पाचलाच टॉवर चौकात पोचलो आणि घड्याळाखाली, आमच्या नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिलो. पन्नासहून अधिक वर्षं आम्ही इथेच भेटत आलो. जानेवारीची थंडी होती. गाड्या लागत होत्या. गराडू तळणाऱ्याने कढईखालचा जाळ मोठा केला, मान वर करून मला ओळखलं, शेजारची मोकळी जागा पाहिली आणि काही विचारलं नाही.

तो वेळेवर कधीच यायचा नाही. सहा म्हटलं की साडेसहाच्या सुमारास त्याची सायकल, पुढे स्कूटर, वळणावर दिसायची. मी चिडलो की म्हणायचा, "मी उज्जैनच्या वेळेनं आलोय. तुझं घड्याळ सरकारी आहे." ही सबब त्याने जंतरमहालातून उचललेली. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा पुढे मोडकळीला आली. माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिची दुरुस्ती करवली आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. तिथल्या सम्राट यंत्रावर सावली जी वेळ दाखवते ती या गावची स्वतःची वेळ. प्रमाणवेळेपेक्षा साधारण सत्तावीस मिनिटं मागे. शाळेत असताना २१ जूनला शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते ते पाहायला आम्ही धावत जायचो. मनगटावरच्या घड्याळात तेव्हा बारा वाजून अठ्ठावीस मिनिटं झालेली असत. खरी दुपार त्या वेळी होते, घड्याळात बारा वाजतात तेव्हा नाही, हे त्याच्या मनात असं काही बसलं की जन्मभर त्याने त्याच हिशेबाने मला ताटकळत ठेवलं.

त्याची आजी आणि माझे आजोबा एकच गोष्ट सांगायचे, आणि दोघांच्या गोष्टी कधी जुळायच्या नाहीत. गोष्ट दरबार गेल्याची. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला बस्तान बसवलं, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं आणि दक्षिणेतली माणसं क्षिप्रेच्या काठाला रुजली, इथवर दोघांचं एकमत. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, त्याबद्दलही वाद नव्हता. आजी ती लढाई सांगताना पदर सावरून बसायची, जणू बाहेर अजून धूळ उडते आहे. मग १८१० च्या सुमारास दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. तिथे छावणी पडली, आणि त्या छावणीचंच शहर झालं. त्याला आजही लष्कर म्हणतात.

इथून पुढे गोष्टी फुटत. माझे आजोबा म्हणत, "आपले लोक थांबले, कारण बैल नव्हते. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते गेले." आजी म्हणायची, तिच्या सासरची एक म्हातारी गाडीत बसलीच नाही. सामान भरून झालं, मुलं चढली, आणि ती ओटीवर बसून राहिली. "जो हलतो त्याला गाव विसरतं," एवढंच बोलली. शेवटी मुलंच खाली उतरली. आजोबांचं ऐकलं तर आम्ही गरिबीमुळे उरलेलो. आजीचं ऐकलं तर स्वतःच्या मर्जीने. टॉवरखाली उभं राहून आम्ही दोघं यावर किती भांडलो असू! मी मास्तर, मला पुरावा हवा. तो बँकेत रोकड मोजणारा, त्याला म्हातारी पुरे.

लहानपणी आम्ही दोघं भारती कला भवनात चित्रं काढायला जायचो. वाकणकर सर, गावाचे हरिभाऊ, तेव्हा भीमबेटकाच्या गुहांमधल्या चित्रांनी झपाटलेले होते. १९५७ मध्ये त्यांनी ती चित्रं शोधून काढली, पुढे आमच्या शेजारच्या कायथ्यालाही उत्खनन केलं. ३ एप्रिल १९८८ रोजी सर सिंगापूरला वारले आणि बातमी इथे आली, त्या संध्याकाळी आम्ही टॉवरखालीच उभे होतो. दोघांनाही बोलवेना. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सरांना क्षिप्रेचा काठ मिळायला हवा होता." हे वाक्य मी गेले तीन दिवस आठवतो आहे. त्याला तो मिळाला. चक्रतीर्थावर, सकाळी, धुकं असताना.

आणि भाषा. याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. याच गावात वाढलेल्या मुक्तिबोध भावांपैकी थोरले गजानन माधव हिंदीचे मोठे कवी झाले, धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहिते झाले आणि त्यांनी आपल्या कादंबरीला नाव दिलं ‘क्षिप्रा’. एका घरात दोन भाषा इतक्या सहज नांदल्या. आमच्या तोंडात मात्र त्या एकमेकींत मिसळून गेल्या. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, "गोष्ट करत" होतो. "येतो" असं तो कधी म्हणत नसे, "येऊन जाईन" म्हणे. ‘आ जाऊँगा’ याचं हे आमच्याकडचं मराठी. पुण्याला त्याच्या सुनेला पहिल्यांदा हे ऐकून वाटलं, बाबा येणार आणि लगेच निघणार. तिने स्वयंपाकच केला नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ इतकाच: नक्की येतो, काळजी करू नकोस. ही मराठी कुठल्या पुस्तकात नाही. आम्हा उरलेल्यांच्या जिभेवर ती होती, आणि माझ्याशी रोज ती बोलणारा तो शेवटचा होता.

सभागृह भरलेलं होतं. तिसऱ्या दिवसाचा उठावना ही इकडची रीत. दहावा-तेरावा करणाऱ्या आमच्या घरांनीही ती आता आपली मानली आहे. बँकेतले सहकारी आले, दूधवाला आला, ज्याच्याकडून तो तीस वर्षं सेव घ्यायचा तो दुकानदार गल्ला मुलावर सोपवून आला. जो तो फोटोला फुलं वाहून हात जोडत होता. चारपाच जण हिंदीत बोलले आणि चांगलं बोलले. मग माझं नाव पुकारलं. खिशात हिंदीत लिहिलेला कागद होता. तो मी काढला नाही.

मी मराठीतच बोललो. ती समजणारे सभागृहात वीस-पंचवीस असतील, बाकीचेही शांत बसले. मी आजीची गोष्ट सांगितली, आजोबांची सांगितली, आणि पन्नास वर्षं जे त्याच्यापुढे कबूल केलं नाही ते त्याच्या फोटोपुढे कबूल केलं. म्हातारी गाडीत बसली नव्हती. त्याची आजी खरं सांगत होती. मुलगा पुण्याला बोलावत असताना त्याने फ्रीगंजमधलं दोन खोल्यांचं घर सोडलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. याहून दुसरा पुरावा मला नको होता. पुढच्या रांगेत वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, पण मान होकारार्थी हलवली.

बाहेर आलो तेव्हा चौकात दिवे लागले होते. त्याचा मुलगा चप्पल घालता घालता थांबला. "काका, त्या दिवशी बाबांनी शेवटचा फोन तुम्हालाच केला होता. काय म्हणाले?"

"सहाला टॉवरवर येऊन जाईन, म्हणाला."

मुलगा पुण्याचाच झालेला, पण जन्मला इथे. थोडा वेळ तो घड्याळाकडे पाहत राहिला. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तेराव्याला या हं काका. आईला बरं वाटेल."

"येऊन जाईन," मी म्हणालो.