पंचांग, खिळे आणि गिऱ्हाईक

भांडवल आणि यंत्रें यांच्या बळावर देशांतील धंदे वाढतात, असें आपण नेहमीं ऐकतों. तें खोटें नाहीं. परंतु गिऱ्हाइकाची मागणी नसेल तर दोन्ही पडून राहतात. ती मागणी ज्ञानाची असेल तर केवढा उद्योग उभा राहतो, हें मुंबईच्या मराठी छापखान्यांच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें.

पूर्वीं पंचांग हातानें लिहीत, आणि पाडव्यास जोशीबुवा तें वाचून दाखवीत. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम शिकलेले गणपत कृष्णाजी यांनीं १८४१ सालीं शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलें. छपाईच्या शाईंत चरबी असे म्हणून सोंवळे लोक छापील कागदास शिवत नसत. तेव्हां त्यांनीं तुपाची शाई केली, असें सांगतात. गिऱ्हाइकाचें मन ओळखणें हेंहि व्यापारांतलें एक ज्ञानच होय.

पंचांग हा माल मोठा चमत्कारिक. त्याचा कागद टिकतो, पण आंतील मजकूर वर्षाखेरीस शिळा होतो. त्यामुळें दर पाडव्यास घरोघर नवी मागणी, आणि छापखान्यास वर्षानुवर्षें खात्रीचें काम.

पुढें शाळा वाढल्या; १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. आतां स्वच्छ आणि शुद्ध छापलेले ग्रंथ हवे होते. रोमन लिपीचीं मूळ अक्षरें सव्वीस. देवनागरीस काना-मात्रा आणि जोडाक्षरें धरून शेंकडों खिळे लागत. जावजी दादाजी हे लहानपणींच मिशनच्या छापखान्यांत कामास लागले होते. त्यांनीं १८६४ सालीं खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ सालीं 'निर्णयसागर' छापखाना सुरू केला. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांच्या हातचीं सुबक अक्षरें लवकरच नांवाजलीं. १८८६ पासून निघालेल्या 'काव्यमाले'नें दुर्मिळ संस्कृत ग्रंथ पंडितांच्या हातीं दिले. ओतारी, जुळारी, बांधणीवाले, पुस्तकविक्रे अशा कितीतरी लोकांस या धंद्यानें पोटास लावलें.

मात्र ज्यास वाचतां येत नाहीं, तो पुस्तकाचा गिऱ्हाईक होत नाहीं. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां त्यांचा हेतु व्यापाराचा नव्हता; तरीहि अशा प्रत्येक शाळेनें नवे वाचक घडविले. म्हणून शाळेवरील खर्चास धर्मादाय समजूं नये. ज्या देशांत अर्धीं माणसें वाचनाला पारखीं राहतात, तो आपलाच अर्धा बाजार बंद ठेवतो.