एक पौंड धान्याचा हिशेब

सर रिचर्ड टेंपल या एकाच अधिकाऱ्याने चार वर्षांत दोन दुष्काळ हाताळले, तेही अगदी उलट रीतींनी. १८७३-७४ साली बिहारात भाताचं पीक बुडालं तेव्हा ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणवला गेला आणि टेंपलच्या देखरेखीखाली तो गावोगाव पोचला. उपासमारीने फारसं कुणी मेलं नाही. तरीही टेंपलवर टीका झालीच. तांदूळ उरला, सरकारचा पैसा उधळला, असा ठपका त्याच्यावर आला. तो त्याने मनाला लावून घेतला. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटनने त्याला दुष्काळात सापडलेल्या दख्खन आणि मद्रासकडे पाठवलं, तेव्हा खर्च आवरायचा हे तो ठरवूनच आला होता. दुष्काळी कामावरच्या गड्याला रोज एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढी मजुरी पुरे, असं त्याने लावून धरलं.

मी तहसील कचेरीत रोजगार हमीच्या शाखेत नोकरी केली. मस्टरं तपासली, मापं घेतली. त्यामुळे तो एक पौंड मला आकड्यात दिसत नाही, भाकरीत दिसतो. साडेचारशे ग्रॅम ज्वारीच्या जेमतेम चार-पाच भाकरी होतात आणि त्यावर माणसाने दिवसभर माती उपसायची. मद्रासचा आरोग्य आयुक्त कॉर्निश याने तेव्हाच बजावलं होतं की या शिध्यावर काम करणारा माणूस तगणार नाही. मुंबई इलाख्यात तर मजूरच कामं सोडून उठले. मजुरी कापली आणि घरापासून लांबच्या कामावर धाडलं, म्हणून हजारो लोक निघून गेले. उपाशी माणसांचा तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांनी, गावोगावची माहिती जमवली आणि सरकारकडे अर्जांवर अर्ज धाडले. त्या दुष्काळात ब्रिटिश हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसं गेली.

मग स्ट्रॅची आयोग बसला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. मला त्या संहितांबद्दल आदर आहे. भाव चढले, लोक गाव सोडून भटकू लागले, सावकारांनी हात आखडता घेतला, अशा खुणा दिसल्या की काय करायचं हे त्यांत कलमवार लिहिलेलं होतं. पण दुष्काळ पडला आहे की नाही, हे सरकारच ठरवणार! ते जाहीर होईपर्यंत उपाशी माणसाच्या हातात काहीच नाही. १८९६ साली टिळकांनी आणि सभेच्या माणसांनी याच संहितेतल्या तरतुदी मराठीत लोकांना समजावून सांगितल्या, तेव्हा सरकारला ती चिथावणी वाटली. आणि संहिता असूनही १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसं पुन्हा मेलीच.

दुष्काळ जाहीर होईपर्यंतची ही फट पुढे बुजवली ती महाराष्ट्र विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी. तासगाव तालुक्यात विसापूर भागात त्यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेचा प्रयोग आधीच सुरू झाला होता. मग १९७२ चा दुष्काळ आला. वाटपातली सुकडी, बाहेरून आलेली मिलो ज्वारी, खडी फोडणाऱ्या बाया. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. दुष्काळ सरला तरी योजना गुंडाळली नाही. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. आता दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहायला नको. मजुराने काम मागायचं आणि सरकारने ते द्यायचं. माझ्या मते महाराष्ट्राने शंभर वर्षांच्या दुष्काळांतून घेतलेला हा सर्वांत खरा धडा आहे.

मातीकामावर खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उभा खुंट न खोदता राखतात. खोली त्यावरून मोजायची, लांबी-रुंदी टेपने घ्यायची आणि घनमीटरवर मजुरी काढायची. जमीन मुरमाड लागली की तेवढ्याच घामात माप निम्मं भरतं. टोळीतल्या बाया टेपकडे बघत उभ्या राहत. मग एखादी विचारायची, "भाऊसाहेब, पगार कधी?" एका वर्षी तो महिनोन्‌महिने आला नाही. मस्टरं पूर्ण, मापं नोंदलेली, सह्या झालेल्या आणि बिलं मात्र वरच्या टेबलावर पडून. किराणावाल्याने उधारी बंद केल्यावर त्यातल्या काही जणी मुलांना घेऊन ऊसतोडीला गेल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी आमच्याकडे काम मागितलं नाही आणि अहवालात नोंद झाली की मागणी घटली. मला त्याचा आजही संताप येतो. टेंपलने पौंड कापला होता. उशिरा मिळणाऱ्या मजुरीने तेच साधतं, फक्त तसा हुकूम कुठे काढावा लागत नाही.

टंचाईच्या बैठकांत मागचे आकडे निघतात ते खर्चाचे: गेल्या खेपेला किती कोटी गेले, किती उरले. बिहारनंतर टेंपलला विचारला गेला तो हाच प्रश्न होता. टंचाई आराखडा दरवर्षी होतो. त्याच्या पहिल्याच पानावर मागच्या टंचाईच्या तीन तारखा गाववार याव्यात, असं मी नोकरीत असताना लेखी सुचवलं होतं, अजूनही सुचवतो: काम कधी मागितलं, कधी सुरू झालं, पैसे हातात कधी पडले. त्यासाठी वेगळी पाहणी नको की नवा खर्च नको. पहिली तारीख अर्जाच्या पोचपावतीवर असते, दुसरी मस्टरवर आणि तिसरी पासबुकात.