सह्याद्रीतला मुक्काम : जुन्नरच्या लेण्यांपासून भीमाशंकरच्या अभयारण्यापर्यंत

१/ पुणे-नाशिक महामार्गावर आंबेगाव तालुक्यातील कळंब गाव लागते. इथून उत्तरेस नारायणगावमार्गे जुन्नरची लेणी गाठता येतात. दक्षिणेस मंचरवरून पश्चिमेला वळले की घोडेगावमार्गे भीमाशंकर अभयारण्य. या दोन दिशांना जोडणारा एक प्रश्न आहे : रानात रात्र काढण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणत्या अटींवर?

२/ आज आपण लेणी 'पाहायला' जातो. प्राचीन शिलालेखांत मात्र 'लेण' म्हणजे राहण्याची जागा. एरवी फिरतीवर असणारे बौद्ध भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहत. यालाच वर्षावास म्हणतात. सह्याद्रीच्या पावसात त्यासाठी कातळाहून भक्कम निवारा कोणता?

३/ लेण्याद्रीचे गिरिजात्मज मंदिर हे मुळात असेच एक निवासस्थान, म्हणजे विहार. मधल्या प्रशस्त दालनाभोवती तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या २० खोल्या आहेत. अष्टविनायकाला जाणारे हजारो भाविक नकळत एका प्राचीन मुक्कामस्थळीच उभे असतात.

४/ मुक्काम म्हटला की पाणी, जेवण आणि छप्पर हवे. जुन्नरच्या दानलेखांत नेमके हेच सापडते. इरिल नावाच्या यवनाने दोन 'पोढी', म्हणजे पाण्याची टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये मानमोडी डोंगरात टाके व मंडप दिला.

५/ हे दाते इथे कसे पोहोचले? उत्तर नाणेघाटात आहे. कल्याण बंदराकडून जुन्नरला येणारी व्यापारी वाट हा घाट चढून येई. घाटमाथ्याच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे; आसपास खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता सुलसदत्त हाही कल्याणचाच.

६/ मात्र त्या काळी डोंगर सर्वांना मोकळा होता, असे समजू नये. विहार संघासाठी होता आणि संघाला विनयाचे नियम होते. मुक्कामाला अटी तेव्हाही होत्या. त्या घालणारी सत्ता वेगळी होती, इतकेच.

७/ आता भीमाशंकरकडे वळू. १९८५ मध्ये हे अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे १३० चौ. किमी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार, काही अपवाद वगळता, परवान्याविना अभयारण्यात 'प्रवेश' आणि 'वास्तव्य' दोन्ही निषिद्ध आहेत. कलम २८ अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी परवाना देते. कलम ३० आग लावण्यास मनाई करते.

८/ या कठोरपणामागे कारण आहे. राज्यप्राणी शेकरू दिवसा वावरते आणि रात्र उंच झाडावरील घरट्यात काढते. खाली पेटलेली एक शेकोटी तिचा निवारा हिरावून घेऊ शकते.

९/ परंतु इथल्या महादेव कोळी वाड्यावस्त्या १९८५ च्या कितीतरी आधीच्या आहेत. पर्यटकाचा जो मुक्काम, ते त्यांचे घर. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा समाजांचे जमिनीवरील व वनावरील हक्क मान्य केले. म्हणून 'जंगल रिकामे ठेवा' हे वाक्य उच्चारताना कोणापासून रिकामे, हे विचारलेच पाहिजे.

१०/ मागे एका लेण्यात गेलो असता खोलीत विटांची चूल, छतावर काजळी आणि भिंतीवर खिळ्याने कोरलेली नावे दिसली. लेणी संरक्षित स्मारके आहेत. तिथे रात्र काढू नये. परवान्याच्या जागी किंवा गावात कोणाच्या घरी उतरावे.

११/ इरिल आणि चिट यांचीही नावे दगडावर आहेत. फरक एवढाच की त्यांनी नाव कोरण्यापूर्वी पुढच्या माणसाच्या पाण्याची आणि जेवणाची सोय केली. रानात मुक्कामाला जाताना आपण मागे काय ठेवून येणार, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

दुरुस्त्या, शंका आणि आपल्या भागातील लेण्यांची माहिती खाली अवश्य नोंदवा. (समाप्त)