आरोग्य केंद्र आपल्या दारी कसे आले

यंदाच्या स्मरणिकेत आरोग्याविषयी काही लिहा, असे मंडळाच्या भगिनींनी सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी गावचा सरकारी दवाखाना कोठून आला, हे प्रत्येक गृहिणीने जाणून घ्यावे असे वाटते.

१९४३ साली सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ साली आला. पैशावाचून कोणी औषधाला मुकू नये आणि आरंभी दर ४० हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे तिने सांगितले. तेव्हा आपला मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. १९४८ च्या सप्टेंबरात तो मुक्त झाला. १९५२ पासून देशात समूह विकास योजनेबरोबर अशी केंद्रे निघू लागली.

परंतु केंद्र दूर, आणि बाईची अडचण घरात! माझ्या सासूबाईंची सारी बाळंतपणे गावच्या सुईणीच्या हातची. ही उणीव ओळखून १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यात जामखेडला काम आरंभिले. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा खेड्यातल्या बायांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. त्या कामाची वाखाणणी परदेशातही झाली. १९८१ साली आपला जालना जिल्हा वेगळा झाला, आणि १९८३ साली देशाचे पहिले राष्ट्रीय आरोग्य धोरण आले. पुढे ३० हजारांमागे केंद्र व ५ हजारांमागे उपकेंद्र असे प्रमाण ठरले. २००५ च्या अभियानातून साधारण हजार वस्तीमागे एक आशाताई मिळाली.

२०१७ च्या धोरणात आरोग्याच्या पैशापैकी दोन तृतीयांश वा अधिक भाग प्राथमिक सेवेवर खर्चावा, असे म्हटले आहे. ते योग्यच. पण उपकेंद्राला कुलूप असले, तर मजुरी करणारी बाई खाजगी डॉक्टरकडे जाते आणि सलाइनच्या एका बाटलीपायी आठवड्याची कमाई घालविते. म्हणजे धोरणाची परीक्षा दिल्लीत नव्हे, त्या कुलपापाशी होते.

भगिनींनो, गावोगावी आरोग्य व पोषणाची ग्रामसमिती असते, तिच्या हाती थोडा निधीही असतो. नर्सबाई कोणत्या दिवशी येतात, औषधे आहेत की नाहीत, हे तेथे विचारता येते. समितीच्या पुढच्या सभेस आपल्यापैकी दोघींनी तरी जावे, एवढीच माझी विनंती.