गीतमालेच्या पायदानांमागील नावे

1952 साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेले पुण्याचे सुपुत्र डॉ. बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर कडक मर्यादा घातल्या. त्याच डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि श्रोते तिकडे वळले. पुढे तिच्यात गाण्यांची ‘पायदाने’ ठरू लागली, ती तबकड्यांच्या खपावरून व श्रोतासंघांच्या पसंतीवरून. तबकडी न घेणारा, पत्र न धाडणारा रसिक या मोजणीत नव्हताच.

वाद्यमेळ रचणारेही त्या मोजणीबाहेरच राहिले. 1964 साली ‘संगम’मधील आणि 1966 साली ‘सूरज’मधील गीत वर्षभराच्या क्रमवारीत पहिले आले. शंकर-जयकिशन यांचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांचा वाद्यमेळ स्वरलिपीत बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा मात्र सामान्य श्रोत्याला अपरिचितच राहिले. गोव्यातील चर्चच्या शाळांनी मुलांना स्वरलिपी शिकविली, हाती व्हायोलिन दिले. तीच विद्या पुढे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत पोहोचली.

1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात प्यारेलाल यांचे व्हायोलिन-गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव आले. असे भाग्य फार थोड्यांना लाभले. लोकप्रियतेचा इतिहास लिहिताना चर्चच्या या गायनशाळांचीही नोंद व्हावयास हवी.