घशातून हृदयाकडे: एका झडपेचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका परिचितांनी आम्हाला विचारलं, "पदार्थांचं संगणकीय गणित, हृदयाची शस्त्रक्रिया आणि तोंडातली रोगप्रतिकारशक्ती, हे तीन विषय एका व्याख्यानात? खिचडी करताय का?" प्रश्न रास्त आहे. पण आपण सक्करदऱ्यात बसलो आहोत, हे लक्षात घ्या. इथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. इथून फार लांब नाही ते मेडिकल, आणि मेडिकलच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय. शहराच्या दुसऱ्या अंगाला व्हीएनआयटीत धातूंचा अभ्यास चालतो. ही सगळी माणसं एकाच शहरात राहतात, पण एका टेबलाशी क्वचितच बसतात. त्यांना एकत्र आणतो तो रुग्ण. तोही बहुतेक वेळा गरीब, तरुण, आणि उशिरा आलेला. आज आपण त्याच्या रोगाचा इतिहास पाहणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही, इतिहासाचे विद्यार्थी आहोत, तेव्हा त्याच नजरेने पाहू.

रोगाचं नाव रुमॅटिक हृदयरोग. साधारण पाच ते पंधरा वर्षांचं मूल. घसा दुखतो, ताप येतो, दोनचार दिवसांत बरं वाटतं. घरचे म्हणतात, बर्फाचा गोळा खाल्ला असेल. दोनतीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, मग घोटा, मग मनगट. तेही बसतं. आणि मग वर्षानुवर्षं काहीच नाही. पुढे विशी-तिशीत जिना चढताना दम लागतो. बाईमाणूस असेल तर पुष्कळदा पहिल्या बाळंतपणात कळतं की हृदयाची झडप, बहुतेक वेळा डाव्या बाजूची मायट्रल, आवळून बसली आहे किंवा गळते आहे. घसा आणि झडप यांच्यामध्ये दहा-पंधरा वर्षं गेलेली असतात. त्यामुळे कोणालाच तो घसा आठवत नाही.

आपल्या आयुर्वेदाच्या मंडळींसाठी एक सांगतो. माधवनिदानात आमवाताचं वर्णन आहे. त्यात सांध्यांच्या सुजेबरोबर हृद्ग्रह, म्हणजे हृदय धरल्यासारखं होणं, हे लक्षण दिलं आहे. यावरून प्राचीनांना स्ट्रेप्टोकॉकस ठाऊक होता असं कोणी म्हणू नये. पण सांधे आणि हृदय एकाच दुखण्यात येतात, एवढं पाहणारा डोळा त्यांच्याकडे होता. ते श्रेय द्यायला हरकत नाही.

घशाचा धागा विसाव्या शतकात हाती आला. रिबेका लान्सफील्ड या अमेरिकन संशोधक बाईंनी १९३३ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचे गट पाडले, आणि हा रोग 'अ' गटाच्या जंतूमागून येतो हे स्पष्ट होत गेलं. जंतू स्वतः हृदयात जात नाही, ही यातली खरी गंमत. घशातल्या जंतूच्या अंगावर एम-प्रथिन नावाचं प्रथिन असतं. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि त्यातली काही आपल्याच हृदयातल्या प्रथिनांना शत्रू समजतात. पोलिसांनी चोराच्या वर्णनावरून घरातलाच माणूस उचलावा, तसा प्रकार. दर नव्या घसादुखीबरोबर ही चूक पुन्हा होते आणि झडपेवर नवा व्रण पडतो. म्हणजे झडप एका दिवसात बिघडत नाही. ती हप्त्याहप्त्याने बिघडते, आणि म्हणूनच मधे थांबवता येते.

हे थांबवता येतं, हे कळलं ते एका लष्करी छावणीत. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या वॉरेन हवाई तळावर जवानांमध्ये घशाची साथ होती. घसा आलेल्यांना पेनिसिलिन दिलं तर पुढचा ताप टळतो, हे तिथल्या डॉक्टरांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलं. आता आपल्याकडची तारीख बघा. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली १९५४ मध्ये, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. म्हणजे शोध लागल्यापासून पाच वर्षांत औषध महाराष्ट्राच्या मातीत तयार होत होतं. तरीही पुढची कित्येक दशकं आपल्या मोठ्या रुग्णालयांचे वॉर्ड झडपेच्या रुग्णांनी भरलेले राहिले. औषध नव्हतं असं नाही. दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षं, दुखणारं इंजेक्शन त्या एका मुलापर्यंत नेणारी साखळी नव्हती. शिवाय रिॲक्शनची धास्ती, आणि औषध इतकं स्वस्त की ते बनवण्यात कोणाला फार रस नाही. आमच्या मते या इतिहासातलं सर्वांत दुखरं पान हेच आहे. पण व्याख्यानांत ते वगळलं जातं, कारण त्यात कोणी नायक नाही.

नायक शस्त्रक्रियेत सापडतात. लंडनला हेन्री सौटरनी १९२५ मध्ये एका मुलीच्या हृदयात बोट घालून मायट्रल झडप मोकळी केली होती. मुलगी जगली, पण सौटरकडे पुन्हा तसा रुग्ण कोणी पाठवला नाही. त्यानंतर थेट १९४८. फिलाडेल्फियाला चार्ल्स बेली आणि बॉस्टनला ड्वाइट हार्कन, दोघांनी एकाच जून महिन्यात ती शस्त्रक्रिया यशस्वी केली. बेलींचे आधीचे चार रुग्ण दगावले होते. हृदय धडधडत असताना डाव्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यातून बोट आत सारायचं, झडपेच्या चिकटलेल्या कडा चाचपायच्या आणि मोकळ्या करायच्या. डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं बोटाच्या टोकावर. या शस्त्रक्रियेला हार्ट-लंग मशीन लागत नाही, त्यामुळे ती आपल्यासारख्या देशाला मानवली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्लोरला रीव्ह बेट्स आणि गोपीनाथ, आणि मुंबईत केईएमला प्रफुल्लकुमार सेन यांनी ती रुजवली. सेन यांचं नाव घेतलं की लोकांना १६ फेब्रुवारी १९६८ आठवतं. भारतातलं पहिलं आणि जगातलं सहावं हृदयप्रत्यारोपण. रुग्ण तीनेक तास जगला. धाडस मोठंच होतं. पण केईएमच्या दारात रोज येणाऱ्या माणसाला जगवलं ते त्या बिनबोभाट बोटाच्या शस्त्रक्रियेने.

बोटाने सगळ्याच झडपा सुधारत नाहीत. गळकी झडप बदलावीच लागते. आणि इथे आपली गाडी धातूशास्त्राकडे वळते.

अमेरिकेत लोवेल एडवर्ड्स नावाचे एक निवृत्त अभियंता होते. त्यांना खरं तर कृत्रिम हृदय करायचं होतं. तरुण सर्जन आल्बर्ट स्टार त्यांना म्हणाले, आधी एक झडप तर करू. १९६० मध्ये त्यांची झडप माणसात बसली: धातूचा पिंजरा आणि त्यात सिलिकॉन रबराचा गोळा. पुढे काही गोळे रक्तातली चरबी शोषून फुगले, चिरले. प्रयोगशाळेच्या पाण्यात हे दिसलं नव्हतं. पाणी आणि रक्त यांत फरक आहे, हे वाक्य किती साधं. पण ते शिकायला माणसं खर्ची पडली. पुढची, याहून मोठी ठेच ब्यॉर्क-शायली झडपेची. तिची नवी घडण १९७९ ते १९८६ या काळात सुमारे ८६ हजार रुग्णांना बसली. तिच्यातला तारेसारखा आधार जोडाशी थकून तुटायचा आणि तबकडी निसटायची. पुढे काय व्हायचं, ते सांगायला नको.

मिनिटाला बहात्तर ठोके धरले तर झडप वर्षाला पावणेचार कोटींहून जास्त वेळा उघडते-मिटते. दहा वर्षांचे होतात जवळपास अडतीस कोटी. स्वयंपाकघरातला नळ इतक्या वेळा फिरवून बघा! धातू एका धक्क्याने तुटत नाही, तो अशा मोजणीने तुटतो.

या पार्श्वभूमीवर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची गोष्ट ऐका. बाहेरून आलेली झडप सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. डॉ. एम. एस. वलियाथन आणि जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारखे अभियंते यांनी ठरवलं की आपणच करू. पहिली घडण चाचण्यांतच बाद झाली. दुसरीत टायटॅनियमचा पिंजरा आणि कृत्रिम नीलमण्याची तबकडी होती. नीलमणी इतका कठीण की त्याने टायटॅनियमच झिजवलं. मग कोबाल्ट-क्रोमचा कठीण मिश्रधातू घेतला. आता पिंजरा टिकला, पण एक मेंढी अचानक मेली. पाहिलं तर नीलमण्याची तबकडीच फुटलेली. वर्षांची मेहनत पाण्यात. चौथ्या घडणीत त्यांनी कठीणपणाचा हट्ट सोडला. तबकडी केली दाट पॉलिथिनची, म्हणजे एका उच्च प्रतीच्या प्लॅस्टिकची. आपण घरी प्लॅस्टिकला हिणवतो, पण ती मऊ तबकडी टिकली. पिंजऱ्यावर आपटताना तिचा आवाजही कमी होतो. ६ डिसेंबर १९९० ला ती पहिल्यांदा माणसात बसवली. आजवर एक लाखाहून अधिक बसल्या आहेत. वलियाथन यांनी पुढे चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्यावर ग्रंथ लिहिले. तेव्हा आपल्या चौकाशी त्यांचं तसंही नातं लागतं. २०२४ मध्ये ते गेले.

आज मेंढीवर जाण्याआधी बरंच काही संगणकावर तपासता येतं. त्याचा पायाही झडपेनेच घातला, हे फार थोड्यांना माहीत असतं. चार्ल्स पेस्किन या गणितज्ञांनी १९७२ मध्ये वाहतं रक्त आणि लवचीक झडप यांना एकाच गणितात बसवण्याची पद्धत मांडली. रक्त झडपेला ढकलतं, झडप रक्ताला वळवते, दोघांचं एकाच वेळी मोजायचं. आता तीच पद्धत माशांचं पोहणं समजून घ्यायलाही वापरतात. त्याच सुमारास वाय. सी. फुंग यांनी दाखवलं की जिवंत ऊतक रबरासारखं ताणलं जात नाही. आधी सैल, मग एकदम ताठ. आज गायीच्या किंवा डुकराच्या ऊतकापासून केलेल्या झडपेची जाडी, शिवण, ताण कुठे जास्त पडेल, हे अशा गणितांवरून आधी पाहतात.

पण गणित जिथे अडखळतं, तिथे पुन्हा प्रतिकारशक्ती उभी राहते. जनावराच्या ऊतकावर अल्फा-गॅल नावाची एक साखर असते. माणसात ती नसते, आणि आपल्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं आयुष्यभर असतात. ग्लुटारल्डिहाइडने झडप कमावली की ऊतक टिकाऊ होतं, पण ही साखर पूर्ण जात नाही. अशी प्रतिपिंडं झडपेवर चुना साचायला हातभार लावतात, असं २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. तरुण रुग्णात ऊतकाची झडप लवकर का बिघडते, याचं एक उत्तर इथे मिळू शकतं. आणि आपले रुमॅटिक रुग्ण तर तरुणच असतात. म्हणून त्यांना बहुधा धातूची झडप मिळते, आणि तिच्यासोबत रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. गडचिरोलीच्या आतल्या गावातून दर महिन्याला रक्त तपासायला कसं यायचं, याचं गणित कुठल्या संगणकात नाही.

आता तोंडाकडे येऊ. १९३५ मध्ये ओकेल आणि इलियट यांनी दात काढल्याबरोबर रुग्णांचं रक्त तपासलं. निम्म्याहून अधिक जणांच्या रक्तात तोंडातले जंतू सापडले. निरोगी माणसाचं शरीर ते काही मिनिटांत साफ करतं. पण व्रण पडलेली किंवा कृत्रिम झडप त्यांना बसायला जागा देते, आणि मग होतो झडपेचा जंतुसंसर्ग. यात जुन्या रुग्णाची नवी झडप जाते, कधी रुग्णही. सुरुवातीला घशाने झडप खाल्ली, शेवटी हिरडीने. तोंड दोन्ही टोकांना आहे.

हिरडीबद्दल अलीकडे कळलेली एक गोष्ट आम्हाला फार आवडली. २०१७ मध्ये असं दिसलं की रोजच्या चावण्याने हिरडीला जे बारीक घर्षण होतं, त्यातूनच तिथल्या टीएच-१७ नावाच्या संरक्षक पेशी जाग्या राहतात. म्हणजे जेवण हीच हिरडीची तालीम. पण हे ऐकून कोणी खर्रा चावायला कारण शोधू नये! खर्ऱ्याने होतं उलट. सुपारीने तोंडाची आतली त्वचा ताठरते, तोंड दोन बोटंही उघडत नाही, मग दात घासणार कसे आणि दंतवैद्य आत बघणार कसा? नागपुरात झडप बसवलेला माणूस खर्रा खात असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांनी एकदा त्याचं तोंड उघडून पाहायला हवं.

आणि पेनिसिलिन? ते जुनं झालं असं वाटत असेल तर २०२१ च्या अखेरीस आलेला युगांडाचा अभ्यास बघा. ज्या मुलांना काहीच त्रास नव्हता, पण सोनोग्राफीत झडपेवर सुरुवातीच्या खुणा दिसल्या, अशा ८१८ मुलांपैकी निम्म्यांना दर महिन्याला इंजेक्शन दिलं. दोन वर्षांत इंजेक्शनवाल्यांत ०.८ टक्के मुलांचा रोग वाढला, बाकीच्यांत ८.२ टक्के. तेच १९५० च्या दशकातलं इंजेक्शन.

(यानंतर प्रश्नोत्तरं झाली. त्यातला एक प्रश्न इथे देत आहोत.)

प्रश्न: माझ्या आईला सात वर्षांपूर्वी धातूची झडप बसवली. दाढ फार दुखते, पण रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून ती दंतवैद्याकडे जायला घाबरते. गोळी चार दिवस बंद करावी का?

उत्तर: स्वतःच्या मनाने एक दिवसही नाही. झडपेवर गुठळी झाली तर दाढ परवडली. आईंना सांगा की दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्याबरोबर पहिलं वाक्य हेच बोलायचं: मला झडप बसवली आहे. अशा रुग्णाला दाढ काढण्याच्या तास-अर्धा तास आधी प्रतिजैविक देतात, आणि रक्त किती पातळ आहे ते तपासून पुढचं ठरवतात. ते दंतवैद्य आणि हृदयाचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतील. बोलले नाहीत, तर झडपेचं कार्ड आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट घेऊन तुम्ही दोघांकडे जा. आणि दुखणारी दाढ अंगावर काढू नका, याच आठवड्यात दाखवा.