समुद्रांतील तेल व किनाऱ्यावरील हिशेब

(१) बंदरांच्या जकातीचे कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांस हें ठाऊक आहे कीं, माल ज्या धक्क्यावर उतरतो त्याच गांवीं त्याचा पैसा राहतो असें नाहीं. जकात सरकारांत जाते, नफा सावकाराच्या पेढीवर जातो, आणि गांवाच्या वांट्यास बहुधा हमाली उरते. समुद्रतळांतून निघणाऱ्या तेलाविषयीं हाच प्रश्न नव्या रूपानें उपस्थित होतो. मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर तेल सांपडल्यास ५० वर्षें उलटून गेलीं. त्या उद्योगानें किनाऱ्यावर काय घडविलें, तें मोजण्याची रीत कोणती, आणि त्या रीतीवर कितपत विसंबावें, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

(२) प्रथम घटनाक्रम. १९७३ च्या अखेरीस खनिज तेलाचा भाव जगांत कांहीं महिन्यांतच सुमारें चौपट झाला. लगेच पुढें, १९७४ च्या फेब्रुवारींत, तेल व नैसर्गिक वायु आयोगाच्या 'सागर सम्राट' या फिरत्या मंचानें पाडलेल्या विहिरींत तेल लागलें. हें क्षेत्र तेव्हां 'बॉम्बे हाय' या नांवानें ओळखलें जाई; हल्लीं तें 'मुंबई हाय' होय. १९७६ च्या मे महिन्यांत उत्पादन सुरू झालें. आरंभीं तेल जहाजांतून येई. पुढें समुद्रतळावर नळ घालून तें उरणास आणण्यांत आलें. माहुल येथील तेलशुद्धीचे कारखाने त्यापूर्वीं वीस वर्षें उभे होतेच. त्यांस हा माल मिळूं लागला. समुद्रांतून येणाऱ्या वायूच्या आधारें उरणचें वीजकेंद्र, थळचा खतकारखाना व नागोठण्याचा रसायनकारखाना उभे राहिले. न्हावें येथें मंचांना रसद पोंचविण्याचा तळ झाला.

(३) आतां मोजण्याची रीत. वासिली लिओंटिएफ या अर्थशास्त्रज्ञानें १९३६ सालीं अमेरिकेंतील धंद्यांची परस्पर देवघेव एका कोष्टकांत मांडून दाखविली. या पद्धतीबद्दल १९७३ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. कोणता धंदा कोणाकडून किती घेतो व कोणास किती देतो, हें त्या कोष्टकांत असतें. किनाऱ्यावरील परिणामांचें गणिती प्रतिमान याच पायावर रचतात. प्रथम समुद्रांतील कामांची यादी करावयाची: शोध, विहिरी, मंच, नळ, रोजचें चालन, व शेवटीं मंच मोडून काढणें. दुसऱ्या पायरीस प्रत्येक कामाचा खर्च पोलाद, जहाजें, इंधन, अन्नपुरवठा, मजुरी अशा बाबींत फोडावयाचा. तिसऱ्या पायरीस प्रत्येक बाबीचा पैसा कोणत्या जिल्ह्यांत पडला तें ठरवावयाचें. चौथ्या पायरीस, तो पैसा हातोहात फिरून एकंदर किती उलाढाल झाली तें कोष्टकावरून काढावयाचें. अमेरिकेंत समुद्रतळाविषयींच्या १९५३ च्या कायद्यास १९७८ सालीं दुरुस्ती होऊन किनाऱ्यावरील परिणामांचा अभ्यास करणें सरकारावर बंधनकारक झालें. पुढें मेक्सिकोच्या आखातासाठीं तेथील सरकारी खात्यानें 'मॅग-प्लॅन' नांवाचें असेंच प्रतिमान वापरलें.

(४) या रीतीचें मर्म तिसऱ्या पायरींत आहे. केवळ समजुतीकरितां १०० रुपये खर्च धरूं. पैकीं ६० यंत्रांसाठीं परदेशीं गेले व ४० किनाऱ्यावर पडले. दर फेरीस त्यांतील निम्मा पैसा त्याच भागांत पुन्हां खर्च झाला, तर ४०, २०, १० अशी बेरीज होत होत ती ८० पर्यंत पोंचते. चौथाईच राहिला, तर ती ५३ च्या आसपास थांबते. खर्च तोच, परंतु पैसा कोठें राहतो या एका गृहीतानें उत्तर बदललें.

(५) आमच्या किनाऱ्यावर हें गृहीत किती नाजूक आहे तें पाहा. 'सागर सम्राट' जपानांत बांधला गेला. त्याच्या बांधणीची मजुरी जपानांत पडली. पुढें माझगांव गोदीनें मंच बांधले, तेव्हां तशाच कामाचा पैसा मुंबईंत पडूं लागला. मंचावरील नोकर १४ दिवस समुद्रांत काढून हेलिकॉप्टरनें परत येतो व आपल्या घरीं जातो. त्याचा पगार घराच्या गांवीं खर्च होतो. वसईचेंच इंग्रजी नांव धारण करणाऱ्या 'बसीन' क्षेत्राचा वायु मुख्यतः गुजराथेंत हजिऱ्यास उतरला, व तेथून नळानें मध्यप्रदेशांतील विजयपूर आणि उत्तरप्रदेशांतील जगदीशपूर येथील खतकारखान्यांकडे गेला. राज्यघटनेच्या २९७ व्या कलमान्वयें समुद्रतळाची संपत्ति केंद्राची आहे. त्यामुळें जमिनीवरील तेलाचें स्वामित्वधन आसाम व गुजराथ यांस मिळतें, तसें समुद्रांतील तेलाचें महाराष्ट्रास मिळत नाहीं. याउलट स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांच्या कौन्सिलानें १९७४ सालीं पार्लमेंटाकडून स्वतंत्र कायदा मिळविला, आणि १९७८ सालीं सलम व्हो येथें तेल उतरण्यापूर्वींच कंपन्यांशीं करार करून बेटांसाठीं निधि उभारला. किनाऱ्याचा वांटा बव्हंशीं कायद्यानें व करारानें ठरतो, याचें हें उदाहरण होय.

(६) दुसरी अडचण श्रेयाची आहे. उरण तालुक्यांत १९७० पासून नवी मुंबईसाठीं भूसंपादनाची कारवाई चालू झाली. जानेवारी १९८४ मध्यें त्याविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार होऊन ५ शेतकरी मरण पावले. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथें मोठें बंदर सुरू झालें. तेव्हां आजच्या उरणांतील कोणती पेठ तेलानें वसली व कोणती बंदरानें, हें केवळ गुणकांवरून सांगतां येणार नाहीं. शिवाय त्या कोष्टकांत हातांत पडलेला पैसा मोजला जातो. मंचांभोंवतींच्या व नळांवरील निषिद्ध पट्ट्यांमुळें कोळ्यांस जें पाणी सोडावें लागलें, तें त्यांत कोठेंच येत नाहीं.

(७) तात्पर्य, प्रतिमान टाकाऊ नव्हे. परंतु त्याची परीक्षा गांवच्या कागदांवरच होऊं शकते. ग्रामपंचायतींचीं करआकारणीचीं पुस्तकें, जमिनीच्या फेरफार-नोंदी, मच्छीमार सहकारी संस्थांचे हिशेब, रसद पुरविणाऱ्या ठेकेदारांच्या चोपड्या, मजुरांचे हजेरीपट, हे ते कागद होत. त्यांवर मोडी अक्षर नाहीं, शिक्कामोर्तब नाहीं. म्हणून संग्राहकाची दृष्टि तिकडे वळत नाहीं, आणि असे कागद रद्दींत जाण्यास वेळ लागत नाहीं. पेशवाईंतील एखाद्या बंदराचा जमाखर्च हातीं आल्यास आपणांस धन्यता वाटते. न्हावें, उरण व थळ येथील गेल्या ५० वर्षांचा जमाखर्च अद्याप कित्येक घरांच्या माळ्यावर असणें संभवनीय आहे. ज्या संग्राहकांचें त्या बाजूस जाणेंयेणें आहे त्यांनीं तो आतांच पाहून त्याची यादी करावी, इतकी विनंती करून हा लेख पुरा करतों.